पैलवानाच्या उरलेल्या गोळ्या

आमच्या शुक्रवार पेठेत बनाबाईंशी भांडून जिंकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. सगळे त्यांना बनाक्का म्हणतात. उन्हाळाभर त्या लोकांना कांदा-लसूण चटणी करून देतात, आणि चटणीपेक्षा तोंड तिखट अशी ख्याती. जीव मात्र सगळा एका कुत्र्यात. मूठभर देहाचं पांढरं ध्यान, आणि नाव काय, तर पैलवान.

दोन वर्षांपूर्वी पैलवान खोकायला लागला. मिरच्या भाजायचे दिवस. सगळी गल्लीच खोकत होती, तिथं कुत्र्याकडं कोण बघतंय? "ठसका हाय, जाईल की," आक्का म्हणाल्या. मिरच्या संपल्या, पावसाळा लागला, तरी खोकला होताच. तेव्हा जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तेजस्वीनं तपासून सांगितलं, हृदय मोठं झालंय, गोळ्या जन्मभर. मग रोज सकाळी भाकरीच्या तुकड्यात गोळी, वर लोण्याचं बोट. स्वतःची बीपीची गोळी आक्का विसरायच्या, त्याची कधी नाही.

गेल्या महिन्यात पैलवान झोपेतच गेला. गोळ्या फडताळात तशाच राहिल्या. आक्का रोज फडताळ उघडायच्या, बघायच्या, बंद करायच्या. मला बघवेना. मीही काही कमी फटकळ नाही. म्हटलं, "आक्का, तारीख उलटली की कचऱ्यात जातील. डॉक्टरकडं देऊ, कुणाच्या तरी कामी येतील." त्यांनी फडताळ धाडकन लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभ्या.

दवाखान्यात डॉक्टरनं पिशवीतल्या सगळ्या औषधांच्या तारखा तपासल्या. उघडलेली औषधाची बाटली बाजूला काढली, न फोडलेल्या पट्ट्या ठेवून घेतल्या. बाकावर गडमुडशिंगीचे जोतीराम बसले होते, मांडीवर त्यांचं तांबडं कुत्रं, तसंच खोकणारं. आत्ताच त्याची तपासणी झाली होती. "ह्याला हेच औषध लागणार आहे. किती द्यायचं ते मी सांगते," डॉक्टर म्हणाली.

जोतीराम मागं सरकले. "मेलेल्या कुत्र्याचं औषध? नको. त्याला लागू पडलं न्हाय, माझ्या कुत्र्याला काय पडणार?"

मी डोळेच मिटून घेतले. आता दवाखान्याचं छप्पर उडणार. पण आक्का त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"पावणं, त्यो ह्या गोळ्यांनी मेला न्हाय, ह्यांच्यावरच जगला. मी येडी मिरचीचा ठसका म्हणत बसल्ते. तवाच जायचा त्यो. ह्यांच्यामुळं दोन दिवाळ्या जास्तीच्या मिळाल्या मला."

इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. जोतीरामांनी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग तो हात पुढं केला. आक्कांनी पट्ट्या त्यात ठेवल्या, पण सोडवेनात त्यांना.

"भाकरीत घालून द्या, लोणी लावून. आन् गिळंपर्यंत बसा जवळ, गडबड करू नका."

"व्हय. कसं हाय ते येऊन सांगतो की तुमास्नी."

आक्कांनी हात काढून घेतला. "जगतंय तवर येत जावा, चटणी दीन," त्या म्हणाल्या. मग उठता उठता म्हणाल्या, "गेलं, तर मातूर सांगाय येऊ नका. मला आपलं हायच वाटू दे."