डाव्या पायाचा निर्णय

आमच्या लातूरच्या गल्लीत दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार एकच आहे. तिचे मालक औषधांचं दुकान चालवतात. बोलताना त्यांचा डावा पाय सारखा हळूच दबतो नि सुटतो, जणू चपलेखालीही क्लच आहे.

कारला नवा क्लच टाकायचा होता. मेकॅनिकनं दोन सुचवले होते. एक रेसिंगचा, पायाला हार्ड, झटक्यात पकडणारा. दुसरा पायाला हलका, तरी जुन्यापेक्षा दमदार. यांचं काही केल्या ठरेना.

रविवारी म्हणाले, "चला सर, मुरुडकडं चक्कर मारू."

वाटेत उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर लागला. बाजूनं जागा होती, तरी हे रांगत मागंच राहिले. रिक्षा आम्हाला मागं टाकून गेली. मग दूधवालाही गेला, आणि जाताना वळून बघत गेला.

"काढा की पुढं," मी म्हणालो.

"थांबा हो. पायाला किती जड जातंय ते बघायलोय." पाय दबला, सुटला, पुन्हा दबला. "रेस कुठं लावणार हाय मी? आपल्याकडं म्होरं ट्रॉलीच. हार्ड घेतला तर गुडघा बोंबलंल."

"मग हलका घ्या."

"मन मानंना ना, सर."

तेवढ्यात ट्रॅक्टर कारखान्याकडं वळला. समोर सरळ, मोकळा रस्ता. आता गाडी सुटणार म्हणून मी सीटबेल्ट घट्ट धरला.

त्यांनी आरशात बघितलं, वेग कमी केला आणि गाडी चक्क माघारी वळवली.

"मोकळ्या रस्त्यावर काय कळतंय?" ते म्हणाले. "दुसरी ट्रॉली बघू."