बंद पडलेल्या काट्याची साक्ष

कळंबजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बाबा चौदा हंगाम वजनकाट्यावर बसले. घरातली पहिली पदवीधर मी. पुण्यातल्या कंपनीत या काट्यांच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करते. नवा काटा चाचणीसाठी बाबांच्याच जिनिंगला द्या, हा आग्रह माझा. मिरवायचं होतं, दुसरं काय.

बाबांना बजावलं होतं, "बंद पडला तर हात लावू नका. मिनिटभरात तो स्वतःच लॉग लिहून चालू होते."

ऐन हंगामात काटा बंद पडला आणि तसाच राहिला.

सिस्टीम कोसळली की एक प्रोसेसर बाकीच्यांना जागच्या जागी थांबवतो आणि काय झालं ते लॉगमध्ये लिहितो. एका वेळी एकानंच लिहावं म्हणून लॉगला कुलूप असतं; लिहिण्याआधी ते ताब्यात घ्यावं लागतं. ते थांबवलेल्यांपैकीच कोणाकडे असलं, तर तो सोडणार कसा? लिहिणारा वाट पाहत राहतो. मग लॉगही नाही आणि रीस्टार्टही नाही.

हे मला आधीच दिसलं होतं. मीटिंगमध्ये म्हटलंही होतं, की कोसळताना कुलुपासाठी अडून बसू नये. एकदा मागावं, नाही मिळालं तर तसंच लिहावं.

"लॉग अर्धवट येईल," साहेब म्हणाले.

"अर्धवट वाचता तरी येते. कोरा काय वाचून राह्यले तुम्ही?"

माझ्या त्या वऱ्हाडी 'राह्यले'वर सगळे हसले. विषय पुढच्या आवृत्तीवर ढकलला गेला. मी तो पुन्हा काढला नाही. चार लोकांच्या हसण्यानं गप्प बसले.

इकडे बाबा माझं ऐकून पाऊण पाऊण तास हात न लावता बसायचे. रांगेतले गाडीवाले शिव्या घालायचे; शेवटी कोणीतरी वीज बंद-चालू केली की काटा सुरू व्हायचा. तिसऱ्या वेळी मालकानं कंपनीला विचारलं. उत्तर गेलं, लॉगमध्ये बिघाडाची नोंद नाही. खरंच नव्हती. मग मशीन निर्दोष ठरली आणि बाबांना घरी बसवलं.

त्यानंतर मी कोणाला न विचारता दुरुस्ती लिहिली. आता साहेबही नाही म्हणाले नाहीत. काटा पुढच्या वेळी कोसळला तेव्हा लॉग आला. शेवटची ओळ तुटकी, पण चूक स्पष्ट होती, पावतीचा प्रिंटर चालवणाऱ्या, आमच्याच कंपनीनं लिहिलेल्या ड्रायव्हर प्रोग्रामची. लॉगचा कागद घेऊन मालकाकडे गेले.

"असन बाई, खरं असन. पण तिथं आता दुसरा बसला. त्याले कायले उठवू?"

घरी बाबा ओट्यावर तूर निवडत होते. कागद त्यांच्या हातात देऊन सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे माही चूक नव्हती."

"नव्हती."

"थे मले मालूमच होतं, माय." मग माझ्याकडे पाहत, "कुलपाचं तुले आधीच मालूम होतं?"

मी हो म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. माझ्या नोकरीतलं ते आता काही विचारत नाहीत.