लाल आणि हिरवे ठिपके

ताईच्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्ट आणायला मी प्रयोगशाळेत गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "बघायचंय का तुम्हाला?" आणि त्यांनी मला एका अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

काळ्याभोर अंधारात निळ्या पेशी तरंगत होत्या आणि त्यांच्या पोटात लाल-हिरवे ठिपके चमकत होते. एका जनुकाच्या दोन टोकांना हे दोन चमकते रंग चिकटवतात, असं बाईंनी सांगितलं. जनुक धड असेल तर ठिपके बिलगून दिसतात, तुटलं असेल तर लांब जातात.

"इथे तर लांब गेलेत," मी हळूच म्हटलं.

"हो. आणि नेमक्या याच बिघाडावर गोळी आहे. केमोऐवजी आधी तीच सुरू करता येईल."

काही तुटलं की आपण हळहळतो, मग ती साधी बशी का असेना. त्या खोलीत मात्र तुटलेलं काहीतरी मी हावऱ्यासारखी पुन्हा पुन्हा पाहत होते. कुठे मोडलंय ते नेमकं कळणं, हाही किती मोठा दिलासा असतो.

बाहेर येऊन ताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दिसायला कसं होतं गं?"

"सुंदर," मी म्हटलं.

"चला," ताई हसत म्हणाली, "आपल्या घरात आतून तरी कुणी देखणं निघालं."