कोनाड्यातलं बोंडलं

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. घरात कुणी विषय काढला की उठून गोठ्यात जायचो. वय झालं तसं ऐकू न आल्याचं सोंगही घेऊ लागलो. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. आता लिहून काढतो आहे, कारण तोंडाने सांगायला गेलो की माझी जीभ भलतंच काहीतरी बोलून मोकळी होते.

आमचं गाव आमगावपासून फार दूर नाही. घरची धानाची शेती. नात झाली त्याच्या पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी बांधावरून घसरलो आणि गुडघा कामातून गेला. रोवणी लागली तेव्हा सगळं घर शेतावर. मुलगा परे, म्हणजे धानाची रोपं, उपटणाऱ्यांसोबत, बायको रोवणाऱ्या बायांच्या मागे, सून सकाळचा स्वयंपाक आटोपून शिदोरी घेऊन. घरी उरायचो मी, गाय आणि आठ-नऊ महिन्यांची नात. जन्मभर चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात पाळण्याची दोरी दिली की त्याचा जीव कसा होतो, हे सांगून समजायचं नाही. येता-जाता लोक विचारायचे, "काय जी, पाटील, पोरगी सांभाळून राहिले का?" मी हसायचो आणि आतून जळायचो.

माझ्या हाती एकच काम उरलं होतं, गाय दोहायचं.

आमच्या घरात एक चाल होती. लेकरू जन्मलं की त्याच्या नावाने एक गाय वेगळी काढायची. तिचं दूध दुसऱ्या दुधात मिसळायचं नाही, विकायचं नाही. लेकराला वरचं दूध द्यायचं ते त्या एकाच गाईचं, मग ते बाधत नाही, अशी समजूत. नातीसाठी मी तांबडी काढली होती. नुकतीच व्यायलेली, गरीब स्वभावाची, कासेला भरलेली गाय. पण सुनेने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"मामाजी, वर्षाची होईपर्यंत गाईचं दूध द्याचं नाही म्हणून सांगतलं दवाखान्यात."

"मंग गाय काय पोरीले दुरून दाखवाले बांधली का?" मी म्हटलं.

"वर्ष झालं की देऊ ना जी. तांबडी काय पळून जाऊन राहिली?"

माझी बायको चुलीजवळून बोलली, "आमचे लेकरं कायच्यावर वाढले मंग? डॉक्टर आला होता का घरी?"

सून बारावी शिकलेली. उलट बोलायची नाही, पण आपलं सोडायचीही नाही. ती हसून कामाला लागली. मला मात्र ते लागलं. घरची गाय, घरची नात, आणि मध्ये ते न पाहिलेले दवाखान्यातले लोक. माझ्या हातचं दूध सगळ्या घराच्या चहाला चालतं, एका लेकराला तेवढं चालत नाही.

सून शेतावर जाताना वरण-भात मऊ कुस्करून वाटीत ठेवायची. "हळूहळू चारा जी, एकदम नका देऊ," असं सांगायची. एका सकाळी पोरगी काही केल्या तोंड उघडेना. मी चमचा पुढे केला की मान फिरवायची, भात माझ्या धोतरावर थुंकायची, रडून रडून लाल व्हायची. माझाही तोल गेला. वाटी बाजूला सारली, तिला कडेवर घेतलं आणि लंगडत गोठ्यात गेलो. तिथे कोनाड्यात माझं बोंडलं पडलेलं होतं. लेकराला दूध पाजायचं चोचीचं पितळी भांडं. माझ्या आईने मला त्यातूनच पाजलं होतं. ते पाण्याने विसळलं, तांबडीखाली धरलं आणि तसंच कोमट, फेसाळ दूध पोरीच्या तोंडाला लावलं. ती गटागटा प्यायली. मग माझ्या खांद्यावर झोपून गेली.

मला जिंकल्यासारखं वाटलं. उरलेला वरण-भात मी कोंबड्यांना टाकला आणि सून आल्यावर रिकामी वाटी दाखवली.

"खाल्लं का जी सगळं?" तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. तोंडावर इतका आनंद होता की खरं सांगायची तीच वेळ होती. मी म्हटलं, "माझ्या हाताने खाते ते."

मग ते रोजचंच झालं. रोवणी संपली, निंदण आलं, तेही संपलं. गुडघा बरा झाला तरी सकाळी पोरीला घेऊन गोठ्यात जायची माझी सवय मोडली नाही. एका बोंडल्याची दोन झाली, दोनाची तीन. लेकराचं पोट केवढं असतं? दुधाने भरलं की त्यात दुसरं काही मावत नाही. हे माझ्यासारख्या गाईवासरांत जन्म घालवलेल्या माणसाला कळायला नको होतं का? वासराला जास्त पाजलं तर ते चाऱ्याला तोंड लावत नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत फिरायचो.

संध्याकाळी सून तिला मांडीवर घेऊन बसायची. पेज करायची, केळं कुस्करायची, मऊ खिचडी करायची. पोरगी तोंड घट्ट मिटायची. सून तिला अंगावर घ्यायची, तर दोन घोट पिऊन सोडून द्यायची. अंगणात उभी राहून, कावळा दाखवत, चिमणी दाखवत ती बिचारी अर्धा-अर्धा तास चमचा घेऊन फिरायची. मी खाटेवर बसून पाहायचो.

"आज्याच्या हाताने खाते, मायच्या हाताने नाई," बायको म्हणायची. "काऊन खात नसन, सांग? हाताले चव पाहिजे."

हळूहळू पोरगी पांढरी पडत गेली. दोन-दोन दिवस शौचाला व्हायचं नाही आणि झालं की किंचाळायची. रांगत जाऊन भिंतीची माती चाटायची. बायकोने तेव्हा घरातच निकाल लावला. "हिच्या दुधातच दम नाई. पानी आहे नुसतं. लेकरू माती नाई खाईल तं काय करन?" मुलगा शांत स्वभावाचा, पण तोही एकदा वैतागला. "एक लेकरू तुझ्याकडून पाहनं होऊन नाई राहिलं?" त्यानंतर सुनेने अंगावर पाजणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. आपलंच दूध वाईट, असं तिने मनात धरलं. एक दिवस ती न्हाणीत दूध पिळून टाकताना रडत होती. गोठ्यातून ते ऐकू येत होतं. माझ्या हातात भरलेलं बोंडलं होतं.

तेव्हा तरी थांबायचं होतं. थांबलो नाही. उलट मनात म्हटलं, पोरगी अशक्त झाली आहे, आता तर दूध हवंच. माझ्या अकलेचा मला आजही संताप येतो.

दसऱ्याच्या आधी तिला गोंदियाला दाखवायला नेलं. मुलगा, सून आणि पोरीला घेऊन मी. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, रक्त तपासलं आणि सुनेला विचारलं, "खून बहुत कम है. ऊपर का दूध देते हो क्या? गाय का?"

"नाही सर," सून म्हणाली. "एक थेंब नाही. वर्षाच्या आत द्यायचं नाही हे मला माहीत आहे."

"पक्का?"

"पक्कं सर."

डॉक्टर मग आम्हा सगळ्यांना समजावू लागले. वर्षाच्या आतल्या लेकराला गाईचं दूध पाजलं, त्यातही जास्त पाजलं, की पोट भरतं पण रक्ताला लागणारं लोह मिळत नाही. लेकरू जेवण सोडतं. कधी आतड्यातून थोडं थोडं रक्तही जातं. मी मांडीवरच्या पोरीच्या पायातला मोजा सारखा करत होतो. तो आधीच सारखा होता. सांगायचं एवढंच होतं, "साहेब, मी देतो." तीन शब्द. मुलगा बाजूला, सून समोर, डॉक्टर माझ्याकडे पाहतायत. मी मोजा ओढत राहिलो.

"दूध नहीं देते, तो फिर खाना नहीं खिलाते होंगे," डॉक्टर म्हणाले. वाईट बोलायचं म्हणून नव्हे, त्यांच्यापुढे दुसरा अर्थच उरला नव्हता. "माँ को ध्यान देना पड़ेगा." सून खाली मान घालून हो म्हणाली. लोहाचं औषध लिहून दिलं.

त्या दिवसापासून मी दूध बंद केलं. औषध चालू झालं, पोरीला भूक लागू लागली, महिन्याभरात गालावर रंग आला. बायको गावभर सांगत फिरली, "डॉक्टर बोलला तेव्हा कुठं ध्यान द्याले लागली."

कार्तिकात पोरगी वर्षाची झाली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता गाईचं दूध चालेल, पण जेवण आधी, दूध मागून आणि थोडं. सुनेने तांबडीचं दूध उकळून कोमट केलं, स्टीलच्या लहान पेल्यात ओतलं आणि हौसेने सगळ्यांना अंगणात बोलावलं. तिच्या हिशेबाने लेकराचं गाईचं पहिलं दूध होतं ते. पोरीने वास घेतला, पेला हाताने लोटून दिला आणि रांगत गोठ्याकडे निघाली. सगळे हसले. सून तिच्या मागे गेली, मी सुनेच्या मागे. पोरगी कोनाड्याखाली भिंतीला धरून उभी राहिली आणि वर हात करून ओठ चोखू लागली.

सुनेने कोनाड्यात हात घातला. कोंड्याच्या डब्यामागून बोंडलं काढलं. आत बोट फिरवलं, वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं.

"याची कल्हई गेली जी मामाजी," ती म्हणाली. "पाजाचंच होतं तं कशातून पाजून राहिले, हे तरी पाहाचं होतं."

बस, एवढंच. तिने ते बोंडलं राखेने घासलं आणि स्वयंपाकघरात फळीवर इतर भांड्यांत मांडलं. कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही. बायको शेवटपर्यंत आल्यागेल्याला सुनेच्या पातळ दुधाची कथा सांगत होती आणि सून तिथेच बसून तांदूळ निवडायची. तिने भांडण केलं असतं तर मी सुटलो असतो. ती गप्प का राहिली, माझी लाज राखली की मला त्यातच शिजत ठेवलं, हे मला आजही कळत नाही. विचारायचं म्हटलं तर आधी मला बोलावं लागेल.

नात आता सातवीत आहे. शाळेच्या धावण्यात पुढे असते. मागच्या उन्हाळ्यात आमगावला नात्यातलं लग्न होतं. मांडवात माझी चुलत बहीण एका नव्या सुनेला शिकवत होती. आमच्या सुनेकडे बोट दाखवून म्हणाली, "पोरी, हिच्यावानी नको करजो. हिनं पहिलं लेकरू उपाशी ठेवलं होतं, गोंदियाचा डॉक्टर बोलला तेव्हा जेवू घातलं." बाया हसल्या. आमची सूनही हसली. तिला आता त्या हसण्याची सवय झाली होती. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. उठलो. सगळ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या. आणि मी विचारलं, "पंगत बसली का?"

परतताना जीपमध्ये सून माझ्या शेजारी होती. नात पुढे बापाजवळ झोपली होती. मी म्हटलं, "बाई."

"काय जी मामाजी?"

"काच लाव. वारा लागून राहिला."

तिने काच लावली. मला म्हणायचं होतं, बाई, तुझं दूध कधीच पातळ नव्हतं. तू डॉक्टरसमोर खरं बोललीस आणि मी पोरीचा मोजा ओढत बसलो. घरानं तुला बोल लावले, ते माझे होते. मला माफ कर.