पाण्याची गोष्ट

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. राजकारणावर लिहिण्याएवढं मला कळत नाही. पण जे माझ्यासमोर झालं, तेवढं मी सांगू शकतो.

पहिलीत होतो. तहान लागली. उभा राहून म्हणालो, "गुरुजी, मी पानी पेवाले जाऊ का?" गुरुजी म्हणाले, "आधी शुद्ध बोल, मग पी." वर्ग हसला. शुद्ध कसं बोलायचं ते मला येत नव्हतं. घरी जाऊन प्यायलो.

धुळ्याला कॉलेजात आलो तेव्हा आमच्या बोलीचा, खानदेशाच्या अभिमानाचा एक छोटा पक्ष होता. एकच खासदार. खासदार वेगळे; पक्षाच्या पुढाऱ्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी मागणी काढली होती: पहिली-दुसरीच्या पोरांना अहिराणीतून शिकवणारे शिक्षक द्या. मला वाटलं, ही तर माझीच मागणी. मी सह्या गोळा करू लागलो. नरडाण्याच्या बाजूची गावं सायकलवर फिरलो. प्रत्येक गावात पाण्याची गोष्ट सांगायचो. माणसं गप्प ऐकायची, मग सही करायची.

पहिला अंगठा मायचा. कापूस वेचून तिचा अंगठा इतका झिजलेला की ठसा उमटेना. तीनदा शाई लावली. मग म्हणाली, "हाऊ मना अंगठा दिल्लीले पोचाडजो रे." मी हो म्हणालो.

तेव्हा दिल्लीत कोणालाच बहुमत नव्हतं. हिवाळ्यात सरकारला विश्वासदर्शक ठराव मांडावा लागला आणि एकेका खासदाराची किंमत वाढली. मोठ्या पक्षाचे एक साहेब बोलणी करायला आले. आबांनी सोनगीरजवळच्या मळ्यात भरीत पार्टी ठेवली. आमच्याकडे सोयरीक असो नाहीतर युती, थंडीत ती भरितावरच ठरते. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. आबांनी मला सह्यांची फाईल घेऊन बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. साहेबांपुढे काय मांडायचं, ते रस्ताभर पाठ केलं.

फाईल उघडायला हात घातला तर ती आपल्याकडे ओढत आबा म्हणाले, "ते राहू दे. ते पाण्याचं सांग रे. साहेब पोट धरून हसतील."

मला वाटलं, हसतील आणि मग समजून घेतील. सांगितलं.

साहेब खरंच हसले. ताटातली कळण्याची भाकरी बाजूला ठेवून हसले. "मग मिळालं का पाणी?"

"नाही. घरी जाऊन प्यायलो."

पुन्हा हसू. शेजारी बसलेले हसले, वाढणारेही हसले. आबा साहेबांकडे वळून म्हणाले, "हीच आपली ताकद, साहेब. असली पोरं गावागावात आहेत. ह्या बोलीवर आमचा माणूस निवडून येतो. आता तुम्ही बोला, काय देता?"

साहेबांनी मोबाईल काढला. "पुन्हा एकदा म्हण. ते पेवाले-पेवाले. घरच्यांना पाठवतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. वांग्यांचा धूर डोळ्यांत जात होता. पहिलीच्या वर्गात उभा होतो तसाच उभा होतो. फरक एवढाच, की तेव्हा हसणारे माझे कोणी नव्हते. इथे आबा होते.

"नही सांगाव, आबा," मी म्हणालो.

"काय?"

"आते नही सांगाव."

आबा हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मग तुला आणलं कशाला?"

तेव्हा कळलं मला कशाला आणलं ते. फाईल परत मागितली. आबा म्हणाले, "ती दिल्लीला जाणार. तू भरीत खा." मी खाल्लं नाही. पण फाईल सोडून आलो. मायचा अंगठा तिच्यात होता, आणि मनात अजून वाटत होतं की जाईल, पोचेल. ही माझी चूक. हिला मी दुसरं नाव देत नाही.

नंतर माय रोज विचारायची, "पोचना का रे?" मी म्हणायचो, "पोची, माय."

शेवटी बातमी आली. कॉलेजच्या फाटकात, मोबाईलवर. आमच्या खासदारांनी पाठिंबा दिला. आबांना एका महामंडळाचं अध्यक्षपद. पाठिंब्याच्या पत्रात सात अटी होत्या. सातही वाचल्या, पुन्हा वाचल्या. शिक्षक नव्हते. शाळा हा शब्दच नव्हता. कोणीतरी विचारलं, तर खासदार म्हणाले, "बोलीभाषेसाठी देश अडवून धरणं बरं दिसत नाही."

घरी गेलो. माय कापसाच्या ढिगाशी बसली होती. "पोचना का?"

"नही पोचना, माय. त्यासनी इकी टाका."

विकला म्हटल्यावर तिने हातातलं बोंड खाली ठेवलं. स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं.

गावांची यादी माझ्या वहीत आहे. रविवारपासून तीच गावं, तीच सायकल. ज्यांनी सही केली त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन मायला सांगितलं तेच सांगणार, त्याच बोलीत. आबांचं नाव घेऊन. मग पाण्याची गोष्ट पुन्हा सांगेन. आता तिच्यात मळ्यातला भागही असेल.