पाठ आधी

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. लष्करी राजवट असलेल्या एका देशात मी तीन वर्षं सरकारी डॉक्टर होतो. तिथे एकोणीस कैद्यांना मी ‘शरीरावर इजा नाही, जबाब स्वखुशीने’ असे दाखले दिले. एकाचीही पाठ मी पाहिली नव्हती. आज हे लिहू शकतो, ते यमुनाक्कांमुळे.

डॉक्टर यमुनाबाई मोहिते मैसूरच्या कॉलेजात आम्हाला न्यायवैद्यक शिकवायच्या. त्यांचे पणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. आमचं घर त्यांच्याच गल्लीत, म्हणून वर्गात मॅडम आणि बाहेर अक्का. कुणीही समोर आलं की त्या आधी म्हणायच्या, “स्वल्प तिरुगी.” जरा वळा. तपासणीच्या फॉर्मवर माणसाची दोन चित्रं छापलेली असतात, पुढची आणि मागची. अक्का मागचं आधी भरायला लावत. “समोरून माणूस स्वतः बोलतो कणो. पाठीला तोंड नाही. तिच्या वतीने आपण बोलायचं, गोत्ताय्ता? कळलं?”

ही खोड बाजारात वांगी घेतानाही सुटत नसे. भाचीला पाहायला स्थळ आलं, तेव्हा चहा पिणाऱ्या मुलालाही अक्का म्हणाल्या, “स्वल्प तिरुगी.” बिचारा कप हातात घेऊन वळला. शर्टाला पुढून कडक इस्त्री, मागे सगळा चुरगळा. अक्का हसल्या. “एकटा राहतो म्हणाला ते खरं आहे. घाईत पुढूनच इस्त्री केली. खोटं बोलत नाही पोरगा. द्या मुलगी.” तो संसार छान चालला आहे.

अशा बाईचा मी विद्यार्थी. आणि तिकडे, दारात अधिकारी चहा पीत उभा असताना, मी माणसाची फक्त पुढची बाजू बघून सही करत होतो. भीती होती, हे खरं. पण पगार चांगला होता आणि बंगला होता, हेही खरं. एक शाळामास्तर मला विसरता येत नाही. माझ्याच वयाचा. मी काही न म्हणता तो आपणहून वळायला लागला. अर्धा वळला होता. मी म्हणालो, “राहू द्या, ठीक आहे.” तो थांबला आणि पुन्हा समोर तोंड करून उभा राहिला. त्या जबाबावर त्याला अकरा वर्षं तुरुंग झाला.

मी परत आलो, मैसूरात दवाखाना थाटला, केस पिकले. दोन वर्षांपूर्वी त्या मास्तरांच्या वकिलाचं पत्र आलं. राजवट गेली होती. शिक्षा रद्द व्हावी म्हणून मास्तरांनी अर्ज केला होता. पण जबाब स्वखुशीचा होता, असं माझा दाखला अजून सांगत होता. पत्र मी ड्रॉवरमध्ये टाकलं.

त्याच आठवड्यात अक्कांनी मैसूरच्याच बोगादी भागातल्या त्यांच्या घरी बोलावलं. पाठीवर नागीण उठली होती. मी म्हटलं, “जरा वळता का अक्का?”

“अय्यो दत्तू, शिकलास म्हणायचं!” त्या हसत वळल्या. ती ऐंशीतली, पुरळाने लाल झालेली पाठ समोर आली आणि मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं.

अक्कांनी पदर सारखा केला. “रडणं नंतर. मागच्या चित्रावर काय लिहिलंस? मोकळं सोडलंस?”

“‘निल’ लिहिलं. इजा नाही.”

“मग बघायचं राहिलं असं म्हणू नको. खोटं लिहिलंस. दोन्ही वेगळं, अल्वा? हो ना?”

“लायसन्स जाईल, अक्का.”

“जाईना का! त्याची अकरा वर्षं गेली. सुम्ने, उगाच बसू नको, पत्र काढ.”

साक्ष त्यांच्याच जेवणाच्या टेबलावरून, व्हिडिओवर झाली. अक्का कडक इस्त्रीची सुती साडी नेसून कॅमेऱ्याबाहेर बसल्या होत्या. सरकारी वकिलाने विचारलं, “इतक्या वर्षांनी हाच माणूस कसा आठवतो?”

मी म्हणालो, “तो वळत होता. मी थांबवलं.”

पडद्यावर मास्तर उठले. पांढरे केस, वाकलेला खांदा. कुणी सांगितलं नव्हतं. ते वळले, पूर्ण वळले, आणि त्यांनी शर्ट वर केला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, “डॉक्टर, आता सांगाल का काय दिसतं?” मी सांगू लागलो. डाव्या खांद्याच्या पात्याखाली दोन समांतर व्रण, तिरपे, कण्यापासून चार बोटांवर... बाजूने अक्कांची कुजबुज आली, “रंग, दत्तू, रंग!” मी रंगही सांगितला. एकेक व्रण सांगितला. सगळं संपेपर्यंत मास्तर तसेच उभे होते.

दीड महिन्याने निकाल आला. शिक्षा रद्द, मास्तर निर्दोष, नाव पुन्हा शाळेच्या पटावर. अक्कांनी गल्लीभर चिरोटे वाटले. शेजारीण विचारू लागली, काय विशेष? “आमच्या पोराने शेवटी पाठ बघितली,” अक्का म्हणाल्या. तिला काही कळलं नाही, पण चिरोटे तिने दोन घेतले.

मास्तरांनी एक फोटो पाठवला. पोरांनी भरलेला वर्ग, आणि ते आमच्याकडे पाठ करून फळ्यावर लिहिताहेत. अक्कांनी तो फ्रिजवर चिकटवला, लांबून पाहिला आणि म्हणाल्या, “एक आय्तु, झालं. बाकीचे?”

गेल्या थंडीत अक्का झोपेतच गेल्या. माझ्या लायसन्सची चौकशी सुरू आहे, होऊ दे. तिकडची माझी जुनी ड्युटीची डायरी मी त्या राजवटीची चौकशी करणाऱ्या तिथल्या आयोगाला पाठवली आहे. तिच्यात सगळी नावं आहेत. तिघांचा पत्ता लागला, पुढची साक्ष येत्या सोमवारी.

अठरा माणसांची पाठ मला अजून पाहायची आहे.