घर कुणाचं ते ठरेपर्यंत

माझ्या साडूइतका जिवाला घोर लावून घेणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडायचा नाही. आमच्याकडे जेवायला आला की भरल्या ताटावरून उठून बाहेर बघून येतो. काय बघतो ते त्यालाही सांगता येत नाही. एकदा पुतणीच्या लग्नाला निघालेला, तो वाटेत आटगावलाच गाडीतून उतरून घरी खर्डीला परत गेला. गॅस बंद केला की नाही, आठवेना. गॅस बंद होता. लग्न मात्र चुकलं.

खर्डीत तो एका म्हातारीच्या घरात, मागच्या खोल्यांत भाड्याने राहतो. पुढे ती एकटी राहायची. ती वारली आणि तिच्या मृत्युपत्रावरून मुरबाडचा मुलगा नि शहापूरची मुलगी कोर्टात गेले. मुलगा म्हणाला, "खोल्या खाली करा." मुलगी म्हणाली, "अजिबात हलू नका." साडूने दोघांनाही हो म्हटलं आणि सामान बांधलं. मग सोडलं. मग पुन्हा बांधलं. शेवटी माझ्या मेव्हणीने सुतळीच लपवून ठेवली.

मी त्याला वकिलाकडे नेलं. वकील म्हणाले, "मालकीण गेली म्हणून भाडेकरू उपरा होत नाही. घर कुणाचं ते कोर्ट ठरवील. तोवर भाडं कोर्टात भरायची परवानगी मागू. कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला कोणी बाहेर काढू शकत नाही." हे त्याने इतकं पाठ केलं, की दूधवाल्यालाही थांबवून ऐकवायचा.

एका सकाळी मी तिथे असतानाच मुलगा कुलूप घेऊन आला. साडू दारातून हलला नाही. "दादा, कोर्टाचा कागद आणा, मंग मीच कुलूप लावतो. तवर नाय."

मुलाने कुलूप खिशात टाकलं. मग हळूच म्हणाला, "निदान पडवीतला आईचा पाटा-वरवंटा तरी नेऊ द्या."

साडू कासावीस झाला. "ताईंना पण नाय दिला मी. निकाल लागू दे, दादा."

मुलगा पाट्यावरून हात फिरवून निघून गेला. त्यानंतर दोन दिवस साडूला जेवण गेलं नाही.

यंदा भावाबहिणीने समजुतीने मिटवलं. घर मुलीकडे आलं आणि तिने साडूला राहायला सांगितलं, हवं तितकं. हे कळवायला त्याचा फोन आला. मी म्हटलं, "आता तरी निवांत व्हा."

तो म्हणाला, "भाऊ, म्हातारी आमाला रोज वाटीभर आमटी द्यायची. ती गेली तवा रडायला टाइमच नाय गावला."

आणि तो रडू लागला. मी फोन कानाशी धरून बसून राहिलो.